‘दोन चौकट’ म्हणजे बदाम कसे? ब्रिजमधल्या जुन्या-नव्या बोलींचा उलगडा

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडी गटात सुवर्णपदक मिळवलं. २०२३ मध्ये हांगझोऊला भारतीय पुरुष संघानं रौप्य आणलं. अशी बातमी वाचून कुणी हौसेनं एखादा ऑनलाइन सामना उघडून बसतो, आणि पहिल्या दोन मिनिटांतच गाडी अडते. एक खेळाडू ‘एक बिनहुकूम’ बोलतो. त्याचा भिडू ‘दोन चौकट’ म्हणतो. पडद्यावर सगळ्यांची पानं दिसत असतात, आणि या भिडूकडे चौकटची तीनच फुटकळ पानं असतात, बदामाची मात्र पाच. पहिला खेळाडू शांतपणे ‘दोन बदाम’ म्हणतो आणि सगळे पास देतात. हातात बदाम असताना चौकट बोलायची, हा काय प्रकार?

चूक कुणाचीच नाही. ही ‘नवी’ बोली आहे. हीच पानं घेऊन जुन्या पद्धतीचा खेळाडू सरळ ‘दोन बदाम’ म्हणाला असता. क्लबात नवशिक्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा प्रश्न हाच असतो: जुनं शिकावं की नवं?

## आधी बोली म्हणजे काय

समोरासमोर बसलेले दोघं भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. चार पानांची एक फेरी म्हणजे एक दस्त. घरी आपण ‘हात झाला’ म्हणतो तोच. (इथे पुढे ‘हात’ म्हणजे मात्र वाटून आलेली तेरा पानं.) एकूण दस्त तेरा. खेळ सुरू होण्याआधी लिलाव होतो. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवायचे: ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा दस्त करून दाखवतो. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यात वर बिनहुकूम, असा चढता क्रम. शेवटची बोली ज्या जोडीची, तिचा ठेका.

पानांची ताकद मोजायला एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण. पत्त्यांच्या जोडात एकूण ४० गुण, म्हणजे माणशी सरासरी १०. दोघांत मिळून पंचवीस-सव्वीस गुण असतील तर ‘गेम’ची आशा धरायची. गेम म्हणजे तीन बिनहुकूम, चार बदाम, चार इस्पिक, पाच किलवर किंवा पाच चौकट यांपैकी काही. त्याला ३०० किंवा ५०० गुणांचं बक्षीस असतं. त्याखालच्या किरकोळ ठेक्याला फक्त ५०.

म्हणून लिलावात दोनच गोष्टी शोधायच्या असतात. कोणता रंग दोघांत मिळून आठ पानांचा आहे? आणि गेमपुरती ताकद आहे का? बोलण्यासाठी शब्द किती? सात पायऱ्या आणि पाच प्रकार, मिळून ३५ बोल्या. शिवाय पास, डबल (समोरच्यांच्या ठेक्याचे गुण आणि दंड वाढवणारी बोली) आणि त्यावरचं रिडबल. त्यातही शोधाशोध करायला खऱ्या अर्थानं मोकळ्या असतात त्या पहिल्या दोन पायऱ्यांच्या दहा बोल्या. तिसऱ्या पायरीनंतर जमीन संपत येते.

जी बोली तोंडून निघते त्याच रंगाबद्दल सांगते ती सरळ बोली. जिचा अर्थ दोघांनी आधीच वेगळा ठरवलेला असतो तो संकेत, ज्याला टेबलावर ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. वाट्या सातच. ओवा ठेवायचा असेल तर आधी कशाला तरी बाहेर काढावं लागतं. नवीन संकेत घेताना नेमकं हेच होतं. ‘दोन चौकट’चा अर्थ ‘माझ्याकडे बदाम आहेत’ असा ठरवला, की ‘माझ्याकडे खरंच चौकट आहेत, दोनवर थांबू’ असं म्हणायची सोय गेली. जुन्या-नव्याचा सगळा वाद शेवटी एवढाच आहे: कोणती वाटी कुणाला द्यायची.

## जुनं म्हणजे किती जुनं?

आजच्या ब्रिजची गुणपद्धत अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून चाललेल्या जहाजाच्या प्रवासात घडवली. १९३० च्या दशकात इली कल्बर्टसन यांच्या पद्धतीचा बोलबाला होता. १९४९ नंतर चार्ल्स गोरेन यांनी ४-३-२-१ ची मोजणी घराघरांत नेली. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत ‘पारंपरिक’ म्हणतात ते बहुतेक वेळा गोरेनचं असतं, नाहीतर १९३० च्या दशकात लंडनमध्ये जन्मलेल्या ‘एकॉल’चं.

गंमत अशी की ज्याला आपण आधुनिक म्हणतो तेही आता आजोबा झालं आहे. पुढे ज्यांची ओळख होईल त्या संकेतांपैकी स्टेमन १९४५ मध्ये छापून आलं, जॅकोबीचं ट्रान्सफर १९५६ मध्ये आणि निगेटिव्ह डबल १९५७ मध्ये. त्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला, म्हणून त्या डबलला बराच काळ ‘स्पुटनिक डबल’ म्हणत.

## ट्रान्सफर: वळसा घालून जाण्याचा फायदा

सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. आज बहुतेकांकडे ‘एक बिनहुकूम’ची सुरुवात म्हणजे १५ ते १७ गुण आणि चारही रंगांत साधारण सारखी वाटणी, म्हणजे ‘सपाट’ हात. समजा, त्या खेळाडूकडे ही पानं आहेत: इस्पिकचा एक्का-राजा-चव्वी, बदामाचा राजा-गुलाम-सत्ती, चौकटची राणी-नव्वी-पंजी-तिर्री, किलवरचा राजा-अठ्ठी-दुर्री. गुण सोळा. भिडूकडे इस्पिकची सत्ती-तिर्री, बदामाची राणी-दश्शी-अठ्ठी-छक्की-चव्वी, चौकटची अठ्ठी-सत्ती-दुर्री आणि किलवरचा गुलाम-नव्वी-पंजी. गुण तीन.

जुन्या पद्धतीत भिडू ‘दोन बदाम’ म्हणतो आणि तिथेच थांबतात. आठ बदाम सापडले, ठेकाही योग्य. पण बदाम आधी बोलला तो भिडू, म्हणून खेळणारही तोच, आणि सोळा गुणांची पानं डमी (खेळणाऱ्याच्या भिडूचा उघडा हात) म्हणून टेबलावर उघडी पडतात. आता किलवरचा राजा सगळ्यांना दिसतो. उतारी करणारा किलवर खेळला आणि एक्का डमीच्या पाठीमागे बसलेल्याकडे असला, तर राजा पडला तरी मेला आणि झाकला तरी फारसा वाचत नाही.

ट्रान्सफरमध्ये भिडू ‘दोन चौकट’ म्हणतो. अर्थ एकच: ‘माझ्याकडे पाच किंवा जास्त बदाम आहेत, तू बदाम बोल.’ इस्पिक असतील तर ‘दोन बदाम’ म्हणायचं. एक पायरी खालचा रंग बोलायचा, बाकी काही नाही. आता बदाम आधी उच्चारले ते बलवान हातानं, म्हणून खेळणार तो. त्याचे राजे झाकलेले राहतात आणि पहिली उतारी त्यांच्यावर चालून येते, आरपार जात नाही. एक्क्याखालून किलवरची उतारी झाली तर राजाचा दस्त फुकट पदरात.

पण खरी कमाई वेगळीच आहे. ‘दोन चौकट – दोन बदाम’ झाल्यावर भिडूला बोलायची दुसरी संधी मिळते. सात गुणांपर्यंत असतील तर पास. आठ-नऊ असतील तर ‘दोन बिनहुकूम’: पाच बदाम आहेत, गेम जमेल का ते तू ठरव. दहा किंवा वर असतील तर ‘तीन बिनहुकूम’: गेम नक्की, रंग तू निवड. सहा बदाम असतील तर त्याच ताकदीला अनुक्रमे ‘तीन बदाम’ आणि ‘चार बदाम’. जुन्या पद्धतीत ‘दोन बदाम’ म्हणजे थांब आणि ‘तीन बदाम’ म्हणजे गेमला चल. मधल्या आठ-नऊ गुणांच्या हाताला आधी दोन किलवर विचारून मग बदाम दाखवण्याची आडवाट धरावी लागे.

किंमत? दोन चौकटवर थांबणं गेलं. स्वस्त सौदा. बिघडतं कुठे, तर विसरण्यात. बलवान हात ट्रान्सफर विसरून पास देतो आणि दोघांत मिळून पाच-सहा चौकट असताना दोन चौकट खेळावे लागतात. दुसरी पडझड प्रतिस्पर्धी मध्ये बोलल्यावर होते. त्यांनी एक बिनहुकूमवर डबल दिलं तर ट्रान्सफर चालू की बंद? त्यांनीच ‘दोन किलवर’ म्हटलं तर? आणि आपण त्यांच्या सुरुवातीवर ‘एक बिनहुकूम’ म्हटलं तर? ही तीन उत्तरं ठरलेली नसतील तर ट्रान्सफर शिकून झालं असं समजू नये.

## स्टेमन: चार-चार शोधायचे

याच्या शेजारची वाटी ‘दोन किलवर’. अर्थ: ‘तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का?’ नसतील तर ‘दोन चौकट’, असतील तर तो रंग बोलायचा. चार-चारचा हुकूम हवाहवासा असतो, कारण एका हातातून मारलं तरी दुसऱ्या हातातले चार शाबूत राहतात. बिनहुकूमपेक्षा बऱ्याचदा एक दस्त जास्त निघतो.

नवशिक्याची ठरलेली चूक: हातात पाच-सहा गुण आणि पाच-सहा किलवर. ‘दोन किलवर’ म्हणून तिथेच थांबू असा त्याचा बेत. थांबता येत नाही, कारण ती आता प्रश्न विचारणारी बोली आहे. उलट कमकुवत हात घेऊनही स्टेमन चालतं, पण तो हात चार इस्पिक, चार बदाम, चार-पाच चौकट आणि किलवर एखादं किंवा एकही नाही, असा हवा. काहीही उत्तर आलं तरी निमूट पास द्यायचा.

## इस्पिक-बदामाची सुरुवात: चार पानांवर की पाच?

गोरेनच्या काळात चांगल्या चार इस्पिकवर ‘एक इस्पिक’ म्हणता येई. एकॉलमध्ये आजही म्हणतात. आधुनिक पद्धत पाच पानं मागते. कारण सरळ अंकगणित आहे. पाचची खात्री असली की भिडू तीन पानांवर बेधडक पाठिंबा देतो आणि आठ होतात. समोरच्यांकडे पाच उरतात. ती तीन-दोन फुटण्याची शक्यता ६८ टक्के. चार पानांच्या सुरुवातीला तीनचा पाठिंबा मिळाला तर सात होतात आणि समोर सहा. ती तीन-तीन फुटतात फक्त ३६ टक्के वेळा, चार-दोन ४८ टक्के.

मग बारा-तेरा गुण आहेत, पण ना पाच इस्पिक ना पाच बदाम, तर काय बोलायचं? ‘एक किलवर’ किंवा ‘एक चौकट’, प्रसंगी तीनच पानांवर. नव्या खेळाडूला हे पटत नाही. तीन पानांचा रंग कसा बोलायचा? पण ‘एक किलवर’ हा इथे मुक्कामाचा पत्ता नाही. पुढे बोलायला मिळावं म्हणून उघडलेलं दार आहे.

या जागी मात्र जुन्या पद्धतीला मी जुनाट म्हणणार नाही. चार पानांवर ‘एक इस्पिक’ म्हटलं की समोरच्याला एकच्या पायरीवर रंग बोलायला जागाच उरत नाही. त्याला दोनवर उडी घ्यावी लागते. ‘एक किलवर’वर तो आरामात घुसतो. इंग्लंडमध्ये आजही एकॉल शिकवतात आणि तेही १२ ते १४ गुणांच्या ‘एक बिनहुकूम’सह. बारा ते चौदा गुणांची पानं पंधरा ते सतराच्या दुप्पट वेळा येतात. म्हणजे ही तोंड बंद करणारी बोली दुप्पट वेळा वापरता येते.

## एकच बोली, तीन पिढ्या

जुन्या-नव्याची खरी धोक्याची जागा वेगळी आहे. ‘एक इस्पिक’ला भिडूनं ‘तीन इस्पिक’ म्हणून उत्तर दिलं. अर्थ काय?

गोरेनच्या माणसाला विचारा: तेरा किंवा जास्त गुण, चार इस्पिक, पास देणं गुन्हा. त्यानंतरच्या पिढीला विचारा: दहा ते बारा गुण, जमत असेल तर चारवर जा, नाहीतर इथेच राहा. त्याच्याही पुढच्या, स्पर्धा खेळणाऱ्या पिढीतल्या अनेकांना विचारा: सहापेक्षा जास्त गुण नाहीत, फक्त चार इस्पिक आहेत, समोरच्यांची वाट अडवण्यासाठी उडी मारली आहे.

एकच वाक्य, तीन अर्थ, आणि त्यांत तेरा गुणांचा फरक. जुना खेळाडू चौदा गुणांवर तीन बोलतो, नवा भिडू पास देतो, आणि गेम हातचा जातो. उलट घडलं तर रिकामा हात चार इस्पिकमध्ये आपटतो.

मिसळणाच्या डब्याचं खरं रूपही इथेच दिसतं. तीनच्या बोलीतून तेरा गुणांचा पाठिंबा बाहेर काढला, तर तो जाणार कुठे? नव्यांनी त्याला ‘दोन बिनहुकूम’ची वाटी दिली, हे जॅकोबीचं दुसरं अपत्य: चार पानांचा पाठिंबा, गेम नक्की, तुझ्याकडे कुठला रंग एकच पानाचा आहे ते सांग. पण त्या वाटीत आधी १३ ते १५ गुणांचा सपाट हात बसत होता. त्यालाही हलवावं लागलं. म्हणून ‘मी फक्त एवढा एकच नवा संकेत घेतो’ असं कुणी म्हणालं की समजावं, हिशोब अर्धाच झालाय.

## दोनची सुरुवात: बलवान की दुबळी?

जुन्यांची ‘दोन इस्पिक’ म्हणजे जवळजवळ एकट्यानं गेम करू शकणारा हात. नव्यांची ‘दोन इस्पिक’ म्हणजे सहा ते दहा गुण आणि सहा बऱ्यापैकी इस्पिक. सगळे प्रचंड हात ‘दोन किलवर’ या एकाच दारातून जातात.

इथे निकाल वारंवारतेवर लागतो. २२ किंवा जास्त गुण एका खेळाडूला सुमारे २३६ डावांत एकदा येतात. संध्याकाळी चोवीस डाव खेळणाऱ्या जोडीला असा हात साधारण पाच संध्याकाळींत एकदा दिसतो. त्याच्यासाठी चार वाट्या अडवून ठेवणं म्हणजे दिवाळीच्या पाहुण्यासाठी वर्षभर खोली बंद ठेवणं.

बिघाड मात्र इथे महाग पडतात. सहा पानं पण त्यात ना एक्का, ना राजा, ना राणी, अशा हातानं ‘दोन इस्पिक’ म्हणू नये. वरच्या तीनपैकी दोन चित्रं किंवा वरच्या पाचांपैकी तीन पानं असावीत. बाजूला चार बदाम असतील तर भिडूला ते कधीच कळत नाहीत. आणि स्थिती बघायची: जोडी ‘व्हल्नरेबल’ असेल त्या डावात तिची बक्षिसंही मोठी आणि दंडही मोठा. व्हल्नरेबल नसताना डबलमध्ये तीन दस्त कमी पडले तर ५०० जातात. समोरच्यांचा व्हल्नरेबल चार बदामाचा गेम ६२० चा होता, म्हणजे फायदाच. तुम्ही व्हल्नरेबल असाल तर तेच तीन दस्त ८०० ला पडतात.

जुन्यांची एक तक्रार खरी आहे. प्रचंड हातात लांब रंग चौकटचा असेल तर ‘दोन किलवर – दोन चौकट – तीन चौकट’ म्हणेपर्यंत आपण तिसऱ्या पायरीवर पोचलेलो असतो आणि एकमेकांना अजून काहीच सांगितलेलं नसतं.

## डबल म्हणजे दंड की निरोप?

भिडूनं ‘एक चौकट’ म्हटलं, मध्येच समोरचा ‘एक इस्पिक’ म्हणाला. तुमच्याकडे आठ गुण आणि चार बदाम. ‘दोन बदाम’ म्हणायला पाच पानं आणि दहा गुण लागतात. जुन्या पद्धतीत डबल म्हणजे ‘यांना खेळू दे, मी पाडतो’, म्हणून तेही नाही. पास दिला तर बदाम हरवले. निगेटिव्ह डबलनं हेच भोक बुजवलं: डबल म्हणजे सहा-सातपेक्षा जास्त गुण आणि चार बदाम.

मग खरंच इस्पिकची पाच दणकट पानं असतील तर? पास देऊन दबा धरायचा. सुरुवात करणाऱ्याकडे इस्पिकचं एखाद-दुसरंच पान असेल तर त्यानं आपल्या पाळीला डबल देऊन दार पुन्हा उघडायचं, मग तुम्ही पास द्यायचा. विसरतो तो बहुतेक वेळा हा सुरुवात करणारा. दुसरं म्हणजे, डबल कितव्या पायरीपर्यंत निरोपाचं आणि कुठून पुढे दंडाचं, ते जोडीनं आधी ठरवायला हवं.

## ‘एकावर दोन’: श्रीमंती संकेत

‘एक इस्पिक’ला ‘दोन किलवर’ म्हटलं की गेम होईपर्यंत कुणी पास द्यायचा नाही, ही आधुनिक पद्धतीची ओळख. ऑनलाइन अनोळखी भिडू आपल्या माहितीत ‘२/१’ लिहितो ते हेच, आणि बीबीओ (ब्रिज बेस ऑनलाइन) या संकेतस्थळावरचे रोबोही हेच खेळतात.

जुन्या पद्धतीत ‘दोन किलवर’ला दहा गुण पुरत. म्हणून भिडूनं ‘दोन बदाम’ म्हटल्यावर तुमचं ‘दोन इस्पिक’ दुबळं वाटे, त्यावर पास मिळू शके. ताकद दाखवायची तर उडी मारावी लागे, आणि उडीत जागा वाया जाते. नव्यात तेच ‘दोन इस्पिक’ निवांत म्हणता येतं. गेम तर होणारच आहे, आता बारा दस्तांचा स्लॅम आहे का ते हळूहळू विचारू.

किंमत ‘एक बिनहुकूम’ मोजते. सहापासून बारापर्यंतचे सगळे अवघडलेले हात त्या एकाच वाटीत कोंबले जातात, आणि सुरुवात करणाऱ्याला त्यावर पास देता येत नाही, कधी तीन पानांचा किलवरही बोलावा लागतो. शिवाय भिडूनं आधी पास दिलेला असेल तर हा नियम लागू नाही, आणि समोरचे मध्ये बोलले तरी सहसा नाही. हे दोन अपवाद न ठरवता २/१ खेळणाऱ्या जोड्या मी सोडून देतो म्हटलं तर क्लबात फारसं कुणी उरणार नाही.

## एक्के विचारणं

ईझली ब्लॅकवूड यांचा संकेत सर्वांना आवडतो, गरजेपेक्षा जास्तच. ‘चार बिनहुकूम’: तुझ्याकडे एक्के किती? ‘पाच किलवर’ म्हणजे शून्य किंवा चार, मग एकेक पायरी चढत एक, दोन, तीन. नव्या रूपात हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात आणि हुकमाच्या राणीचीही चौकशी होते. त्यात पुन्हा दोन घराणी: एकात ‘पाच किलवर’ म्हणजे शून्य किंवा तीन, दुसऱ्यात एक किंवा चार. दुसऱ्याला ‘चौदा-तीस’ म्हणतात, आणि योगायोग असा की व्हल्नरेबल सहा इस्पिकचे गुण १४३० च होतात.

घराणी जुळली नाहीत तर एक एक्का असलेला ‘पाच किलवर’ म्हणतो आणि विचारणारा त्यातून शून्य किंवा तीन ऐकतो. हुकूम कोणता यावर एकमत नसेल तर राजा कुणाचा मोजायचा? शिवाय जुनं असो की नवं, काही हातांनी हा प्रश्न विचारूच नये: ज्यांच्याकडे एखादा रंग मुळीच नाही (एक्का मिळाला, पण कोणता?), आणि ज्यांच्याकडे न बोललेल्या रंगाची दोन फुटकळ पानं आहेत. हुकूम किलवर असेल तर नको ते उत्तर पाच किलवरच्या पुढे जाऊन बसतं आणि परतीचा रस्ता राहत नाही.

## ‘हे गुप्त संकेतच की! मग फसवणूक नाही का?’

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत होती, तिथे तिसऱ्याला काही कळू नये हाच हेतू. ब्रिजमध्ये नेमकं उलट आहे. संकेत ठेवायला परवानगी आहे, लपवायला नाही. जोडीनं आपले संकेत कार्डावर लिहायचे. कृत्रिम बोली आली की भिडूनं समोरच्यांना सूचना द्यायची. त्यांनी अर्थ विचारला तर खरा सांगायचा. कोणत्या बोलीला सूचना लागते याचे नियम आयोजकागणिक बदलतात, ते स्पर्धेआधी विचारून घ्यावेत. फसवणूक होते ती आवाज, चेहरा किंवा बोलायला लावलेला वेळ यांतून भिडूला काही कळवलं तर.

## ‘साध्या बोलीवरच जिंकता येत नाही का?’

येतं. घरी रबर (आधी दोन गेम करेल ती जोडी जिंकते, असा प्रकार) खेळताना, दर रबरला भिडू बदलत असेल, तर साधीच बोली बरी. तिथे आधीच्या डावातले किरकोळ गुण गेमकडे जमा होतात, म्हणून छोटा ठेकाही मोलाचा असतो आणि मधल्या पायऱ्यांचे बारकावे कमी लागतात. क्लबातल्या डुप्लिकेटमध्ये तीच पानं सगळी टेबलं खेळतात. तिथे एका दस्तानं क्रमांक खाली-वर होतो, आणि ट्रान्सफरसारखी रोज कामाला येणारी गोष्ट नसणं जाणवतं.

## मग निवडायचं कसं

प्रत्येक संकेताला तीन प्रश्न विचारावेत. किती वेळा लागतो? कोणती बोली बाहेर काढतो? दोघांपैकी एक विसरला तर किती पडझड? १५ ते १७ गुणांचा सपाट हात चोवीस डावांच्या संध्याकाळी तुमच्या जोडीला साधारण दोनदा येतो. म्हणून स्टेमन आणि ट्रान्सफर पहिल्या आठवड्यात. निगेटिव्ह डबल आणि दुबळी दोनची सुरुवात त्यानंतर. पाच पानांचे इस्पिक-बदाम आणि दहा-बारा गुणांचं ‘तीन इस्पिक’ एकाच बैठकीत ठरवावं, कारण पाठिंब्याचा हिशोब सुरुवातीच्या पानांवर उभा असतो. २/१ साठी कायमचा भिडू लागतो. पाच एक्क्यांचं ब्लॅकवूड सगळ्यात शेवटी. क्रम बहुतेक जण उलटा धरतात, कारण स्लॅमच्या गोष्टी चहाच्या वेळी सांगायला बऱ्या.

सरावही ठरवून करता येतो. पत्त्यांतून एका खेळाडूला सोळा गुणांची सपाट तेरा पानं काढून द्या, उरलेली ३९ पिसून तिघांत वाटा, आणि फक्त बोली करा, खेळू नका. मग तीच १३ पानं ठेवून ३९ पुन्हा पिसा. असे वीस हात झाले की ट्रान्सफर आठवावं लागत नाही.

भिडू वयानं मोठे असतील आणि चाळीस वर्षं गोरेन खेळत आले असतील, तर अख्खी पद्धत बदलायचा हट्ट धरू नये. काकांना दोनच गोष्टी विचाराव्यात: एक बिनहुकूमवर ट्रान्सफर चालेल का, आणि तुमचे ‘तीन इस्पिक’ कोणते? बाकी त्यांचंच खेळावं.

आणि टेबलावर भिडू विसरलाच तर? तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, आणि त्याच्या चुकीच्या स्पष्टीकरणावरून आपली पुढची बोली बदलायची नाही. त्यानं तुमच्या बोलीचा अर्थ समोरच्यांना चुकीचा सांगितला असेल आणि ठेका तुमच्याकडे आला असेल, तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीआधी, डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून दुरुस्ती करायची. ठेका समोरच्यांकडे गेला असेल तर तेरावा दस्त संपेपर्यंत गप्प राहायचं आणि मग सांगायचं.